बेचाळिसावी तक्रार

आलिडा पोस्टमा दारात दिसली तेव्हा मला वाटलं, चर्चमधलं कुणीतरी गेलं. वर्षभरात ती माझ्या दारात आली नव्हती, आणि तिने यावं असं मी काही वागलोही नव्हतो. पण तिच्या हातात बदामाच्या सारणाचा रोल होता, चंदेरी कागदात गुंडाळलेला. आमच्याकडे मयताची बातमी सांगायला बायका रिकाम्या हाताने येतात, खायला आणतात ते दुसऱ्या दिवशी. म्हणजे काम वेगळंच होतं.

"विलर्ड, मला एक तक्रार लिहून हवीय," ती म्हणाली.

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

मी तिला आत घेतलं, कॉफी ठेवली. तक्रारीसाठी ती अगदी योग्य माणसाकडे आली होती. आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या पंचायतीच्या, ऑफिसात माझ्याइतक्या तक्रारी आजवर कुणी दिलेल्या नाहीत. चार वर्षांत एक्केचाळीस. आणि सगळ्या एकाच माणसाविरुद्ध, आलिडाच्या मुलाविरुद्ध, नोलनविरुद्ध.

आमच्या दोन घरांच्या मध्ये पाइनच्या झाडांची एक रांग आहे. पलीकडे तिची तीन एकर जमीन. पूर्वी तिथे ब्लूबेरीची झुडपं होती. नोलन सोळा वर्षांचा असताना त्याने आणि त्याच्या बापाने मिळून ती उपटली आणि त्या वाळूत ट्रॅक केला. वळणं, चढ-उतार, गाडी हवेत उडवायला दोन मोठे उंचवटे. पुढे बाप गेला. नोलन चौतिशीला आला, वेल्डिंगच्या कामावरून चारला सुटायचा आणि साडेचारला ट्रॅकवर हजर. कधी मातीतली मोटरसायकल, कधी क्वाड. क्वाड म्हणजे चार जाड टायरांची, वर टांग टाकून बसायची गाडी. दोन्हींचा आवाज सारखाच, डोक्यात जाणारा.

मी एकतीस वर्षं खुर्च्यांच्या कारखान्यात प्रेसच्या मशीनवर काढली. निवृत्त झालो तो कानांना जरा आराम मिळावा म्हणून. तो दोन वर्षं मिळाला, साडेचारनंतरचा वेळ सोडला तर. मग माझी बायको मॅरियन आजारी पडली. रात्रभर तळमळायची, आणि दुपारी चारच्या सुमारास कसाबसा डोळा लागायचा. साडेचारला पलीकडे इंजिन सुरू. ती आजारी आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण तिची झोपेची वेळ कुणाला ठाऊक असणार? ती मी जाऊन सांगायला हवी होती. ऐंशी पावलांवर घर. मी मोजली आहेत ती नंतर. तेव्हा मी गेलो नाही. मी टाउनशिपच्या ऑफिसात गेलो आणि फॉर्म भरला. तारीख, वेळ, किती मिनिटं, गाडी कोणती, चालवणारा कोण, खाली सही. फॉर्म भरताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, एवढं एक बरं असतं.

त्या तक्रारींमुळेच गेल्या सप्टेंबरात टाउनशिपच्या बोर्डाने नियम केला. घरांच्या जागेत असल्या गाड्या चालवायच्या तर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. रविवारी अजिबात नाही. जागा निदान पाच एकर हवी, आणि शेजाऱ्याच्या घरापासून तीनशे फूट लांब. ज्यांचे ट्रॅक नियमाच्या आधीपासून आहेत त्यांना एकर आणि फुटांची सूट. पण तो ट्रॅक सलग बारा महिने वापरात नसला, तर सूट कायमची गेली.

आलिडाने डार्लीनचं पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. डार्लीन म्हणजे आमची टाउनशिपची क्लार्क. ऑफिसच्या कपाटातल्या सगळ्या नियमांची किल्ली तिच्या गळ्यात असते. पत्रात लिहिलं होतं की पोस्टमा यांच्या ट्रॅकचा शेवटचा नोंदलेला वापर मागच्या वर्षीच्या चौदा ऑक्टोबरचा आहे. आधार, तक्रार क्रमांक एक्केचाळीस. या चौदा ऑक्टोबरपर्यंत नवा वापर सिद्ध झाला नाही, तर सूट संपेल.

सप्टेंबरची एकवीस तारीख होती.

"मालकाने स्वतः सांगून चालत नाही," आलिडा म्हणाली. "पाचशे फुटांच्या आतल्या शेजाऱ्याचं लेखी हवं. पाचशे फुटांत तू एकटाच आहेस."

"म्हणजे मी लिहून द्यायचं की गाडी चाललीय."

"हो."

"आणि चाललीय का?"

ती कॉफीकडे बघत राहिली. "मंगळवारी मी बसले होते तिच्यावर. चालू कशी करायची ते मला कळेना. मग शेडच्या उतारावरून सोडून दिली. पहिल्या वळणापर्यंत गेली बरं का."

"आलिडा, याला घसरणं म्हणतात."

"माहीत आहे मला. म्हणून तर डार्लीनकडे न जाता तुझ्याकडे आले."

बहात्तर वर्षांची बाई, एका बाजूचा खुबा बदललेला, वाळूच्या उतारावरून त्या धुडावर बसून एकटी घसरत गेली. मला हसू आलं, आणि लगेच ते गिळावंसं वाटलं.

"एवढं कशासाठी?" मी विचारलं. "नोलन तर तिकडे नेव्हाडात, खाणीत. मोटरसायकलही घेऊन गेला. तुझा फोन तरी उचलतो का?"

"नाही. मी दर शनिवारी निरोप ठेवते." तिने बशीतला रोल माझ्याकडे सरकवला, मी नको म्हणालो, तिने परत सरकवला. "विलर्ड, तो आज ना उद्या येईल. आला की आधी त्याच्या खोलीत डोकावेल आणि मग मागच्या दाराने ट्रॅककडे जाईल. खोली माझ्या हातात आहे, ती मी तशीच ठेवलीय. ट्रॅक बोर्डाच्या हातात आहे. तो आला आणि मी त्याला सांगायचं, बाबा रे, आता इथे चालवायला बंदी आहे? मग तो कशाला थांबेल? माझ्यासाठी? माझ्यासाठी थांबायचं असतं तर गेलाच नसता."

तो का गेला, हे मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. नियमाच्या सभेला मीही होतोच, पहिल्या रांगेत, फाइल मांडीवर घेऊन. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. नोलन जेमतेम अर्धा मिनिट बोलला. म्हणाला, हा ट्रॅक मी आणि डॅडने केलाय, एवढंच. मग अध्यक्षांनी आलिडाला विचारलं, "मिसेस पोस्टमा, तुम्ही सगळ्यात जवळ राहता. तुम्हीच सांगा, आवाज मोठा आहे का?" दुसरी कुठलीही आई म्हणाली असती, छे हो, एवढा काही नाही. आलिडा उभी राहिली आणि म्हणाली, "हो, मोठा आहे." आणि खाली बसली. नोलनने आईकडे एकदा पाहिलं आणि तो बाहेर गेला. नियम एकमताने मंजूर झाला. पुढच्या महिन्यात एका मंगळवारी तो सहानंतर वीस मिनिटं मुद्दाम चालवत राहिला, मी एक्केचाळिसावी तक्रार दिली, आणि त्या शनिवारी त्याचा ट्रक गेला.

"तेव्हा खोटं बोलली असतीस तर?" मी म्हणालो. विचारायला नको होतं, पण माझं तोंड हे असंच.

"खोटं कशाला? मला पुढचंही बोलायचं होतं." ती एकदम माझ्याकडे वळली. "माझ्या ओठांवर होतं रे. आवाज मोठा आहे, पण मला तो हवा आहे. त्या आवाजाने मला कळतं की तो घरी आलाय. हे म्हणणार होते. तेवढ्यात अध्यक्ष 'थँक यू' म्हणाले. थँक यू म्हटल्यावर कोण बोलत राहतं?"

आमच्यात कुणीच नाही. आभार मानले की बसायचं, हे आम्हाला लहानपणी घरात आणि चर्चमध्ये दोन्हीकडे शिकवलेलं. एका थँक यूपायी या बाईचा मुलगा दोन हजार मैलांवर गेला, आणि तिला अजूनही असं वाटत नव्हतं की आपण न बसता बोलत राहायला हवं होतं.

"मी खोटं लिहून देणार नाही," मी म्हणालो.

"तू देणार नाहीस हे मला माहीत आहे. माझी मागणी अशी आहे की काय केलं तर तुला खरं लिहिता येईल, ते सांग."

"चर्चमधल्या कुणा तरुणाला बोलाव. दोन फेऱ्या मारील."

"दुसऱ्यांची पोरं? एखाद्याची मान मोडली तर मी काय तोंड दाखवू?"

"मग मी चालवतो," मी म्हणालो. हे शब्द कुठून आले देव जाणे. "माझी मान मोडली तर?"

तिने जरा विचार केला. "तुझी चालेल."

शनिवारी दुपारी मी पाइनच्या रांगेतून पलीकडे गेलो. एवढ्या वर्षांत त्या ट्रॅकवर माझं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. आलिडाने शेडचं दार उघडून ठेवलं होतं. क्वाड अजून पहिल्या वळणावरच उभी होती, वर चादर घातलेली, खाली पुसून लख्ख. टायरात हवा कमी होती ती मी भरली, बॅटरी चार्ज करून आणली, पेट्रोल बदललं. आयुष्यभर मशीन हाताळल्याचा एवढा तरी उपयोग झाला. आलिडाने मला नोलनचं हेल्मेट दिलं. मला ते घट्ट बसलं. आत दुसऱ्या माणसाच्या घामाचा वास होता, आणि मी तोंडातल्या तोंडात त्याची माफी मागितली. मग स्वतःलाच शिव्या दिल्या, की हेल्मेटची कसली माफी मागतोस म्हाताऱ्या.

इंजिन सुरू झालं आणि मी हँडल घट्ट आवळलं. बाहेरून ऐकण्यात आणि वर बसून ऐकण्यात इतका फरक असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरून तो नुसता गोंगाट. वर बसलं की तोच आवाज पायांतून अंगात येतो आणि डोक्यात दुसरं काही शिल्लक राहत नाही. मी पहिली फेरी चालण्याच्या वेगाने मारली. दुसरी जरा बरी. उंचवट्यांच्या बाजूने गेलो, वरून जायची माझी छाती नव्हती. तिसऱ्या फेरीत वळणावर माझं घर दिसलं. पाइनच्या फटीतून, वरची खिडकी. मॅरियनची खिडकी. इथून ती इतकी जवळ दिसते हे नोलनला रोज दिसत असणार, आणि आत कोण झोपलंय हे मी त्याला कधी सांगितलंच नाही.

मी गाडी थांबवली. आलिडा पायऱ्यांवर बसली होती.

"काय झालं? मोडली का?"

"नाही. डोळ्यात वाळू गेली."

"चष्मा घालायचा होता हेल्मेटखाली," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघायचं तिने मुद्दाम टाळलं. चांगली शेजारीण आहे ती.

सोमवारी मी टाउनशिपच्या ऑफिसात गेलो. डार्लीनने मला दारातच पाहिलं आणि न विचारता ड्रॉवरमधून फॉर्म काढला. वर्षभर फॉर्म घेतला नव्हता, तरी तिची सवय गेली नव्हती. मी भरून दिला. ती वाचायला लागली, थांबली, चष्मा लावला.

"तक्रार करणारा, विलर्ड होकस्ट्रा."

"हो."

"चालवणारा, विलर्ड होकस्ट्रा."

"हो."

"मिस्टर होकस्ट्रा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"फॉर्मवर असं कुठे लिहिलंय का, की दोन नावं वेगळी हवीत?"

तिने फॉर्म उलटापालटा करून पाहिला. डार्लीनचं एक आहे, नियम तुमच्या बाजूने असेल तर ती भांडत नाही. "नाही लिहिलेलं," ती म्हणाली. "आवाजाचं स्वरूप, खूप मोठा, स्वतः ऐकला. बरं." मग ती शेवटच्या रकान्यावर आली. 'इतर काही सांगायचे असल्यास.' एक्केचाळीस वेळा तो रकाना मी रिकामा सोडला होता. या वेळी लिहिलं होतं: पहिल्या अकरा तक्रारी माझ्या बायकोच्या झोपेसाठी होत्या. ती गेल्यानंतरच्या तीस माझ्या स्वतःसाठी होत्या, कारण दुपारी साडेचारला मला दुसरं काही काम उरलं नव्हतं. हे मी नोलनला सांगायला हवं होतं.

डार्लीनने ते वाचलं. टेबलावरची पेन्सिल उचलून परत ठेवली. मग क्लार्कच्या आवाजात म्हणाली, "एक अडचण आहे. पाहुण्याने चालवलं तर वापर धरतात, पण जागेच्या मालकाची आणि गाडीच्या मालकाची, दोघांची परवानगी हवी. जागा आलिडाची आहे, ती देईल. गाडी नोलनच्या नावावर आहे."

"त्याला कोण विचारणार?"

"मी. माझं कामच आहे ते. तक्रारीची प्रत गाडीच्या मालकाला जातेच, सोबत परवानगीचा फॉर्म पाठवते. सही मूळ हवी, फोटो चालणार नाही. चौदापर्यंत आलं नाही तर मी काही करू शकणार नाही. मला वाईट वाटेल, पण मी काही करू शकणार नाही."

मी आलिडाला हे सांगायला गेलो तेव्हा ती खुर्चीत बसली.

"म्हणजे त्याने लिहून द्यायचं, की तुला परवानगी होती," ती म्हणाली. "तुला."

"हो."

"सगळ्या जगात तुलाच."

ते खरंच होतं.

पुढचे पंधरा दिवस सरता सरेनात. ब्लूबेरीच्या शेतांची पानं लाल झाली, सरोवराकडून गार वारा सुटला, आणि मी रोज पोस्टाच्या गाडीची वाट बघायला लागलो, जशी काही ती चिठ्ठी माझ्याच घरी येणार होती. आलिडा रोज पेटीपर्यंत जायची, उघडायची, आत हात घालून कोपरे चाचपायची, जणू पत्र लपून बसेल. मला ते पाइनच्या फटीतून दिसायचं. तिला माहीत होतं की उत्तर आलं तर टाउनशिपच्या ऑफिसात येईल, तिच्या पेटीत नाही. तरी जायची.

आणि साडेचार वाजले की माझे कान टवकारायचे. वर्षभर हे चाललं होतं, मी कुणाला बोललो नव्हतो. ज्या शांततेसाठी मी एवढा आटापिटा केला ती मला मिळाली, आणि मिळाल्यापासून मी तिच्यात बसून पलीकडच्या इंजिनाची वाट बघत होतो. तो आवाज असायचा तेव्हा वर मॅरियन असायची. आवाज बंद झाला आणि ती दुपारच माझ्या हातून गेली. मी त्या पोराचा राग राग करत होतो तेव्हा मला राग करायला निदान कुणीतरी होतं.

तेरा ऑक्टोबरला दुपारी साडेचारच्या सुमारास डार्लीनची गाडी आलिडाच्या दारात थांबली. डार्लीन कुणाच्या घरी कागद घेऊन जात नाही, लोकांनी ऑफिसात यायचं असतं. मी कोट न घालताच पलीकडे धावलो. म्हणजे, माझ्या वयात जेवढं धावता येतं तेवढं.

स्वयंपाकघरात दोघी उभ्याच होत्या. पाकीट टेबलावर, उघडलेलं.

"वाच ना," आलिडा डार्लीनला म्हणाली. "माझा चष्मा कुठेतरी ठेवलाय." चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

डार्लीनने वाचलं. "प्रश्न एक. सव्वीस सप्टेंबर रोजी विलर्ड होकस्ट्रा यांना गाडी चालवण्यास आपली परवानगी होती काय? उत्तर, नव्हती."

मी आलिडाकडे बघायला धजलो नाही.

"खोटं नाही लिहिलं त्याने," आलिडा हळूच म्हणाली. तिची मान ताठ झाली होती. "बघितलंस विलर्ड? त्याला एका शब्दात काम करता आलं असतं. नाही केलं. माझा आहे तो."

"थांब, पुढे आहे," डार्लीन म्हणाली. "त्याखाली हाताने लिहिलंय. रकाना नाहीये तिथे, त्याने समासात लिहिलंय. 'आजपासून आहे. क्वाड आणि ट्रॅक, दोन्हीची. शेवटचा रकाना वाचला. नोलन पोस्टमा, आठ ऑक्टोबर.'"

डार्लीनने कागद टेबलावर ठेवला. "सव्वीस तारीख बाद. ती मी धरू शकत नाही. पण परवानगी आठपासून लागू आहे, आणि मुदत उद्यापर्यंत." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आज अजून सव्वा तास आहे सहाला. मी आपलं नुसतं घड्याळ बघतेय हं. मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

"तू अजून इथेच आहेस?" आलिडा मला म्हणाली.

शेडपर्यंत मी कसा गेलो ते आठवत नाही. या वेळी हेल्मेट आधी वाटलं तितकं घट्ट नव्हतं. इंजिनाने दोनदा खाकरून घेतलं आणि सुरू झालं. मी पहिल्या फेरीपासून वेग घेतला. वाळू टायरांखालून उडत होती, वळणावर मागचा भाग घसरायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. पाचव्या फेरीत मी छोट्या उंचवट्यावरून गेलो. चारही चाकं जमिनीवरून सुटली का, ते मला माहीत नाही. मला तर वाटलं सुटली. मी मोठ्याने ओरडलो, एकाहत्तर वर्षांचा माणूस, आणि त्या आवाजात माझं ओरडणं मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. प्रत्येक फेरीत मॅरियनची खिडकी यायची आणि मी मान वर करून बघायचो. झोप, झोप, आता होतंच आहे, असं मी तिला म्हणत होतो.

शेवटी दमलो. पायऱ्यांसमोर गाडी आणून इंजिन बंद केलं. कान गुणगुणत होते. डार्लीनची गाडी निघून गेली होती. आलिडा वरच्या पायरीवर उभी होती, एक हात पुढे लांब केलेला, हातात फोन. मला वाटलं, आज मंगळवारीच निरोप ठेवतेय.

"झालं," मी हेल्मेट काढत म्हणालो. "उद्या सकाळी तक्रार देतो."

तिने हात खाली घेतला नाही. तोंडाने आवाज न करता नुसते ओठ हलवले. उचललाय.

मी होतो तिथेच बसून राहिलो. फोनमधून बराच वेळ काही येईना. वारा होता, नाहीतर कुणाचा तरी श्वास. आलिडाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ती हुंदकासुद्धा देत नव्हती, न जाणो तेवढ्या आवाजाने तो फोन ठेवेल. मग तिकडून घसा खाकरल्यासारखं झालं.

"मिस्टर होकस्ट्रा," नोलन म्हणाला, "सहा वाजले का तिकडे?"

मी घड्याळ पाहिलं. "नाही. दहा मिनिटं आहेत अजून."

"मग आणखी एक फेरी मारा ना."

मी किल्ली फिरवली, आणि आलिडाने फोन धरलेला हात आणखी पुढे केला.